कुलपाआड पडलेल्या चिंचा

आप्पांच्या दुकानापुढं चिंचेची पोती यायला लागली की होळी जवळ आली म्हणायचं. युसूफ वडगाव या आमच्या गावच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून आप्पा, माझे वडील, सकाळीच गादीवर बसतात, आणि या दिवसांत बांधावरची, ओढ्याकाठची, देवळामागची चिंच बाया डोक्यावरून आणून त्यांच्यापुढं ओततात. नवी चिंच लालसर असते. काळी पडायला तिला एक पावसाळा बघावा लागतो. पोत्याचं तोंड सुटलं की साबण, गूळ, उदबत्ती सगळे वास मागं सरतात आणि दुकानात नुसती चिंच उरते.

यंदाही आली. मी बीडहून रविवारची घरी आले होते. आप्पांनी चिंचेचं एक बुटुक माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "बघ गं, कशी हाय?" मी ते तोंडात टाकलं आणि तोंड फिरवलं.

"लई आंबट हाय का?" आप्पांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? आप्पा सध्या सुखात आहेत. दुकानाच्या पाटीखाली त्यांनी माझ्या नावाची एक लहान पाटी लावली आहे. मी या दुकानात बसत नाही, तरी लावली आहे. नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर शिक्षणाची सगळी अक्षरं ओळीनं. गिऱ्हाइकाला साखर बांधून देता देता ते मान वर करून पाटीकडं बघतात, म्हणजे गिऱ्हाइकानंही बघावं. मला त्याची लाज वाटत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी न विचारता सांगते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल साधेपणानं वागावं. आम्हाला ते परवडत नाही.

पण त्या पाटीकडं बघितलं की मला दुसरी एक पाटी दिसते. गेवराईच्या आतल्या अंगाला, गोदावरीजवळच्या एका गावात, शाळेच्या फाटकावरची. तिच्याखाली कुलूप लटकतंय आणि आत चिंचा पडल्यात.

पीएच.डी.ला मी विषय घेतला होता शैक्षणिक नेतृत्वाचा. शाळा चालवणारा माणूस इतरांना सोबत कसा घेतो, काम कसं वाटून देतो, अडलं तर कुणाला हाक मारतो, असा तो विषय. आप्पांनी तो गिऱ्हाइकांसाठी आटोपशीर केला होता. "पोरगी नेतृत्वावर पीएच.डी. करायलीय," असं सांगायचे. त्यावर एकदा शेजारचे बियाणेवाले काका म्हणाले, "म्हंजी पंचायत समितीला उभं करायलाव का पोरीला?"

"न्हाई हो. शाळेचं नेतृत्व."

"शाळेला कावून नेतृत्व लागतंय? मुख्याध्यापक असतोय की तितं!"

मी हसले. पण काकांचं तरी काय चुकलं? आमच्या जिल्ह्यात नेतृत्व म्हटलं की पांढरी गाडी आठवते, आणि चौकातल्या फ्लेक्सवर एकावर एक चढलेले चेहरे. त्या चेहऱ्यांत राऊत मॅडम कुठं दाखवायच्या?

राऊत मॅडम त्या गोदाकाठच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सातवीपर्यंतची सरकारी शाळा. मॅडम अंगानं बुटक्या, आवाज बसका, पायात कायम रबरी चप्पल. खांद्याच्या पिशवीत खडूपासून खोकल्याच्या गोळीपर्यंत सगळं. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, म्हणाले होते, "एकच शाळा घ्या. एकच मुख्याध्यापिका घ्या. वर्षभर जाऊन बसा, बघा आणि लिहा. मधे पडायचं नाही. तुम्ही मधे पडलात की जे बघायला गेलात तेच बदलतं." मला ते पटलं होतं. पुस्तकात वाचलं की अजूनही पटतं.

बीडच्या स्टँडवरून गेवराईची गाडी, आणि गेवराईहून आत जायला जीप. हायवे सुटला की रस्ता वाळूच्या टिप्परांनी उखणून काढलेला. जीपमध्ये बसलं की केसांचा रंग बदलायचा. ज्वारी काढून झालेली मोकळी रानं, कडब्याच्या गंजी, आणि मग लांबूनच दिसायचं ते शाळेच्या आवारातलं चिंचेचं झाड. ते कुणी लावलं हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. सावली एवढी की दोन वर्ग तिच्यातच बसायचे.

आधी ते झाड दरसाल ठरल्या रकमेत व्यापाऱ्याला उक्तं द्यायचे. व्यापाऱ्याची माणसं यायची, झोडपायची, पोती भरून घेऊन जायची. राऊत मॅडमनी ते बंद केलं. चिंच उतरली की गावातल्या बायांना निरोप जायचा, आपापला दगड आणि हातोडी घेऊन या. मग शाळेच्या ओट्यावर बाया मांडी घालून बसायच्या. कुणी टरफलं काढायची, कुणी शिरा ओढायची, कुणी बारीक ठोका देऊन चिंचोके बाहेर पाडायची. निम्मी चिंच ज्याच्या त्याच्या घरी, निम्मी शाळेतल्या पोरांच्या आमटीला. पालकसभा असं नाव दिलं की एक बाई फिरकायची नाही. "सभेला आमचं काय काम? मालक जातेत की," असं म्हणायच्या. आणि चिंच फोडायला मात्र ओट्यावर पाय ठेवायला जागा उरायची नाही.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन खांबाला टेकून बसले. त्या बायांत गयाबाई नावाची एक आजी होती. दात गेलेले, जीभ शाबूत. बराच वेळ माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या कोण? लिव्हणाऱ्या ताई? आगं बया, बसलीय तर हात चालव की! बोटं झिजतेत व्हय?"

मी मॅडमकडं बघितलं. त्या नुसत्या हसल्या. मग काय! चिंच फोडणाऱ्या बायांत रिकाम्या हातानं बसणं म्हणजे पंगतीत बसून जेवत नाही म्हणणं. घेतली हातोडी. ‘मधे पडायचं नाही’ हे सरांचं वाक्य त्या ओट्यावरच संपलं. दुपारपर्यंत बोटांच्या चिरा झोंबायला लागल्या. चिकट हातानं वही धरता येईना, म्हणून सगळं डोक्यात साठवायचं आणि परतीच्या जीपमध्ये उतरवायचं. त्या वहीच्या पानांना अजून चिंचेचे तंतू चिकटलेले आहेत.

माझं वर्ष संपता संपता, पुढच्या सालच्या चिंचेत एकदा काय झालं, गयाबाईच्या सुनेनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं की सवितासाठी पाहुणे विचारायलेत. सविता म्हणजे गयाबाईची नात, तेव्हा सातवीत. पुढची शाळा शेजारच्या गावात, वाटेवर टिप्परांची वर्दळ, पोरीच्या जातीनं एकटीनं कसं जायचं, तेव्हा आता बास झालं, असं तिचं म्हणणं. ओट्यावर ठोके चालूच होते. मॅडम हातातल्या चिंचेकडं बघतच म्हणाल्या, "गयाबाई, लग्नाच्या वक्ताला तुम्ही केवढ्या होतात हो?"

"मला काय ठावं? परकर नेसत व्हते. मांडवातच झोपी गेलते म्हणं, मामानं उचलून उभी केली."

बाया हसल्या.

"आन् तुम्ही, द्वारकाबाई?"

मग एकेक जण सांगायला लागली. कुणाची बाहुली सासरी न्यायची राहिली होती. कुणी पहिल्या बाळंतपणात वर्षभर अंथरुणाला खिळली होती. आधी हसत हसत चाललं होतं, मग हसणं कमी कमी होत गेलं आणि शेवटी नुसते हातोड्यांचे ठोके ऐकू येत राहिले. गयाबाईनं सुनेकडं न बघताच म्हटलं, "पाव्हण्याला सांग, पोरगी शाळंत हाय म्हणावं."

"गावातल्या सगळ्या पोरी मिळून जातील," मॅडम म्हणाल्या. "सकाळी फाट्यापर्यंत मी सोबत येईन."

झालं. ना ठराव, ना सही. चिंचोक्यांचा ढीग तेवढा वाढला होता.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "याला म्हणतात सहभागी नेतृत्व! चौथ्या प्रकरणात घ्या." मी घेतलं. चांगलं लिहिलं, मला माहीत आहे.

त्याच चिंचेच्या दिवसांत, झाड निम्मं उतरायचं राहिलं असताना, मॅडमच्या बदलीचा हुकूम आला. कारण लिहिलं होतं ‘प्रशासकीय’. या शब्दाच्या पोटात काय काय मावतं ते बाहेरच्याला कधी कळत नाही. गावात कुणी म्हणालं, शाळा भरायच्या वेळी मॅडम टिप्पर थांबवायला लावायच्या, ते कुणाला तरी खुपलं. कुणी म्हणालं, तसं काही नाही, सगळ्यांच्याच होतात. मॅडमनी मात्र पिशवी आवरायला घेतली होती. मला म्हणाल्या, "नोकरी म्हटल्यावर बदली आलीच. गाव जवळचंच दिलंय. पोरींना सकाळी फाट्यावर सोडून पुढं जाता येईल मला."

पण गाव ऐकतंय होय?

आमच्या भागात गाऱ्हाणं घालायची एक रीत आहे. शिक्षक कमी पडला, शाळेला कुलूप. मास्तर पिऊन येतो, कुलूप. खोली गळायली, कुलूप. अर्ज खिडक्या-खिडक्यांतून फिरत राहतो, कुलपासाठी मात्र साहेब जीप घेऊन धावत येतो, हे गावानं अनुभवानं शिकलेलं. त्यामुळं राऊत मॅडम जाऊ नयेत म्हणून काय करावं, यावर गावाला दुसरं काही सुचलंच नाही. मायेपोटी लावलेलं कुलूप त्या तालुक्यानं आधी बघितलं नसावं.

मी पोचले तेव्हा फाटकाबाहेर सगळं गाव उभं. पोरं दप्तरासकट रस्त्याच्या कडेला. मॅडमही बाहेरच, डोक्यावर पदर घेऊन उन्हात. शाळा समितीचे अध्यक्ष भानुदासराव फाटकाला पाठ लावून उभे होते.

"भानुदासराव, कुलूप काढा," मॅडम म्हणत होत्या. "ह्यानं माझंच वाईट होईल."

"मॅडम, तुमी गप बसा. तुमच्यासाठीच चाललंय की हे."

"मग माझ्यासाठी म्हणून तरी काढा."

"न्हाई म्हंजी न्हाई! आमी तुमाला जाऊ द्यायचो न्हाई बगा."

मागून बाया म्हणाल्या, "न्हाई जाऊ द्यायचो!" सगळ्यात मोठा आवाज गयाबाईचा.

इतकी वर्षं ज्या बाईचा शब्द त्या गावानं खाली पडू दिला नव्हता, तिचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही. आणि त्या दिवसाइतकं ते गाव तिचं कधीही नव्हतं. हे मी कुठल्या प्रकरणात घालू? माझ्या संदर्भग्रंथांत माणसं सोबत का येत नाहीत याची पानंच्या पानं कारणं होती. माणसं इतकी सोबत येतात की पुढच्याचं ऐकेनाशी होतात, यावर कुणी ओळसुद्धा लिहिलेली नव्हती.

तालुक्याचे शिक्षणाचे साहेब आले. जीपमधून उतरता उतरताच म्हणाले, "मॅडम, हे काय चालवलंय तुम्ही?"

"मी नाही लावलं, साहेब."

"तुमच्याशिवाय हे गाव हलतं का? मला माहीत नाही का?"

हे खरं होतं, आणि त्या खऱ्यानंच मॅडमचा घात केला. ज्या गावाला ही बाई बस म्हटली की बसतं, ते कुलूप काढा म्हटलं तर काढत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मी पुढं झाले.

"साहेब, मी वर्षभर इथं येते. मॅडम मघापासून कुलूप काढा म्हणून विनवतायत. मी माझ्या कानानं ऐकलंय."

"तुम्ही कोण?"

"पीएच.डी. करते."

"कशावर?"

"नेतृत्वावर."

साहेब हसले. कुत्सित नाही, दमलेला माणूस हसतो तसं. कुलपाकडं हात करून म्हणाले, "मग लिहून घ्या की. आयतंच मिळालं तुम्हाला."

पुढं काही दिवस कुलूप तसंच राहिलं. साहेब मागं सरेनात आणि गावही. मी जायचे आणि फाटकाबाहेर उभी राहायचे. गजांतून आत दिसायचं. चिंच पिकून गळायला लागली होती. वारा सुटला की सगळं झाड खुळखुळायचं आणि मातीवर टपाटप बुटुकं पडायची. उचलायला कुणी नाही. खारी यायच्या, मुंग्यांच्या रांगा लागायच्या. ओट्यावर गयाबाईचा दगड तसाच, दगडावर हातोडी. एक दिवस गयाबाई गजातून काठी घालून एक बुटुक ओढायला बघत होती.

"हात पुरत न्हाई गं माय," म्हणाली.

"मग सांगा की भानुदासरावांना, काढा म्हणावं कुलूप."

"आमीच लावलं, आमीच कसं काढावं? इज्जतीचा सवाल हाय." आणि काठी तशीच आत धरून उभी राहिली.

मग नवा हुकूम आला. जवळचं गाव रद्द. आता आष्टीच्याही पलीकडं, जिल्ह्याच्या पार शिवेवर. वर गावकऱ्यांना चिथावणी दिल्याची चौकशी. तो वाचून दाखवल्यावर कुलूप काढा असं कुणाला सांगावं लागलं नाही. भानुदासरावांनी स्वतः काढलं आणि खाली मान घालून किल्ली मॅडमपुढं धरली. मॅडम म्हणाल्या, "आत खिळ्याला अडकवा. तिथंच असते ती." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गप बसले नाही. गप बसणाऱ्यांतली मी नव्हेच. बायाही मागं लागल्या होत्या, "ताई, तुमी वर्सभर लिव्हलंय की. ते साहेबाला दावा. शिकल्या-सवरल्याच्या लिव्हल्याला किंमत असंल." म्हणून चौथं प्रकरण छापून घेतलं आणि शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. टेबलामागचा क्लार्क भला माणूस होता. बसा म्हणाला, चहा मागवला, सगळी पानं चाळली. मग म्हणाला, "ताई, ह्यात मॅडमचं नाव कुठंय?"

नाव नव्हतं. संशोधनाचा नियमच तसा आहे. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना पुढं त्रास होऊ नये म्हणून नावं झाकायची. गाव ‘अ’. शाळा ‘अ’. मुख्याध्यापिका ‘अ’.

"‘अ’ म्हणजे त्याच," मी म्हटलं.

"असं तुमी म्हणताव. कागदावर तर ‘अ’च हाय." त्यानं पानं टेबलावर आपटून सारखी केली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली, प्रसाद द्यावा तशी.

मॅडमना जपायचं म्हणून मी त्यांचं नाव झाकलं होतं, आणि खरंच जपायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात नुसतं एक अक्षर होतं.

सरांकडं गेले. सर म्हणाले, "मी समजू शकतो. पण तुमचं निरीक्षण पूर्ण झालेलं आहे. ही बदली तुमच्या अभ्यासाच्या कालावधीबाहेर येते." खरंच येत होती. कालावधी कधी संपतो ते पहिल्या प्रकरणात मीच लिहिलं होतं. त्यामुळं माझ्या प्रबंधात त्या शाळेला कधी कुलूप लागलेलंच नाही. तिथं अजून बाया ओट्यावर बसल्यात, हातोड्या चालल्यात, आणि गयाबाई सुनेला सांगतेय की पोरगी शाळंत हाय म्हणावं. प्रबंध काळ्या कापडात बांधलाय, वर सोनेरी अक्षरं. मी तो कपाटात आडवा ठेवलाय.

मागच्या दिवाळीनंतर माझी मौखिक परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. फोनवर बोलता बोलता गयाबाईला मी सांगून बसले, लांबून मोठे तज्ज्ञ येणार, मॅडमच्या कामाबद्दल विचारणार, सगळं ऐकून निकाल देणार. ती म्हणाली, "कुठं? कवा?" आणि त्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात दोन जीप येऊन उभ्या राहिल्या. गावच्या बाया, काठापदराची लुगडी, वाटभर धुरळा खाल्लेले चेहरे. सोबत भानुदासराव. सगळे मागच्या रांगेत जाऊन बसले. पहिल्या रांगेत आप्पा, विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून.

मी बोलले. पडद्यावर ओट्याचा फोटो आला तेव्हा मागून कुणीतरी कुजबुजलं, "ती बग द्वारका, तुझं डोस्कं दिसायलंय." बाहेरून आलेले परीक्षक मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काम उत्तम आहे. पण हे टिकणार कसं? उद्या या मुख्याध्यापिका बदलून गेल्या तर हे चालू राहील का?"

मी मागच्या रांगेकडं बघितलं.

"त्या बदलून गेल्या, सर," मी म्हणाले.

"बरं. मग?"

"मग..." माझ्या डोळ्यांपुढं ते फाटक. गजातून घातलेली काठी. "हा पुढील संशोधनाचा विषय आहे, सर."

उत्तर बरोबर होतं. परीक्षकांनी मान हलवली, सरांना हायसं वाटलं. मग रिवाजाप्रमाणं परीक्षा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं असल्यास." असं विचारलं की कुणी काही विचारत नसतं. गयाबाई उठली.

"साहेब, ताईनं सांगितलं ते समदं खरं हाय. आमी हितं हावोत साक्षीला. तुमाला पटलं का न्हाई?"

"पटलं, आजी. फार चांगलं काम आहे."

"मंग मॅडमला माघारी कवा धाडताव?"

हॉलमध्ये बारीक हसू फिरलं. अध्यक्षही हसले. "आजी, ते आमच्या हातात नसतं."

"मंग तुमच्या हातात काय हाय?"

हसू थांबलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग उभं राहून समितीचा निर्णय वाचला. माझं नाव, आणि नावाआधी पहिल्यांदा ‘डॉ.’. टाळ्या पडल्या. आप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते. सगळ्यात जोरात टाळ्या मागच्या रांगेतून येत होत्या, बांगड्यांसकट. फैसला आपल्या बाजूनं लागला असंच वाटलं बायांना. गयाबाई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

बाहेर पेढे वाटले. गयाबाई पायरीवर टेकली होती, मी शेजारी जाऊन बसले.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"तुमचं झालं."

टोमणा नव्हता तो. पेढा तोंडात घोळवत म्हणाली, "आमाला काय कळत न्हाई व्हय, ताई? तुमची परीक्षा व्हती, ठावं व्हतं मला. पर चार साहेब एका जागी बसल्यालं दिसलं की आपलं कानावर घालून बगावं. लागलं तर लागलं." मग जीपकडं हात केला. "ह्यांना सांगू नका. जाऊ द्या टाळ्या वाजवीत."

चिंचेचे दिवस म्हणजेच आमचे परीक्षेचे दिवस. मी आता बीडला एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते. ‘नेतृत्वाचे प्रकार उदाहरणासह लिहा’ हा प्रश्न दरसाल ठरलेला. मुलं उदाहरण म्हणून माझीच शाळा ‘अ’ लिहितात, कारण मीच ते शिकवलेलं असतं. ‘शाळा अ मध्ये महिला एकत्र बसून चिंच फोडतात व निर्णय घेतात.’ फोडतात, घेतात. मी लाल पेन हातात धरून बसते. खोडावं तर काय म्हणून खोडावं? पूर्ण गुण देते.

राऊत मॅडमचा कधीमधी फोन येतो. चौकशीचं अजून काही कळत नाही म्हणतात, आणि लगेच आप्पांच्या गुडघ्याचं विचारतात. नव्या शाळेच्या आवारात झाडच नाही म्हणाल्या. "चिंचेचं एक रोप लावलंय." चिंच धरायला किती काळ जातो ते आम्हा दोघींनाही ठाऊक.

त्या रविवारी, चिंच तोंडात असतानाच, मी दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि गयाबाईला फोन लावला.

"चिंच उतरली का हो?"

"उतरली. येपाऱ्याची माणसं आलती. झाड परत उक्तं दिलंय."

"आणि ओट्यावर?"

"वट्यावर काय? वटा हाय."

मी विचारलं, "सविता?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला. मग टिप्पर गेला असावा, बराच वेळ घरघर ऐकू येत राहिली.

"स्थळ बघायलेत," गयाबाई म्हणाली.

मी म्हटलं, "गयाबाई, मी येते."

"या की. घर तुमचंच हाय." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पर ताई, लिव्हायला येऊ नका."

आत आले तर आप्पा पोत्याचं तोंड शिवत होते. हातावर चिंच चिकटली होती ती मी धुतली नाही. त्या फोनलाही आता बरेच दिवस झाले. गेवराईची गाडी रोज आहे, आत जायला जीपही मिळते. माझ्याच्यानं अजून जाणं झालेलं नाही. हे तेवढं लिहून झालं.